फक्कीची इमारत

यशोदाकाकी सही करणार नाही, असं ती कधी म्हणालीच नव्हती. ती फक्त म्हणाली होती, "माझ्या गिरणीचं दार कुटं यील त्ये दावा, मंग करते." या एका वाक्यावर चौदा मजल्यांची इमारत गेले सतरा दिवस अडून बसली होती.

बाकीच्या सह्या दसऱ्यालाच झाल्या होत्या. पहिली थोरल्या आप्पांची, म्हणजे अर्जुनरावांची. ती करण्याआधी त्यांनी टोपी नीट केली, कारण बिल्डरचा माणूस फोटो काढत होता. दुसरी त्यांच्या चुलतभावाची, निरंजनची. तिसरी निरंजनच्या धाकट्या भावाची, रोहिदासची. चौथी ओळ काकीसाठी कोरी होती. धाकटे काका गेल्यापासून चऱ्होलीतल्या त्या पाऊण एकरात चौथा हिस्सा तिचा होता, आणि त्याच जागेत गावरस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये तिची पिठाची गिरणी होती. नव्या इमारतीत तिला सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळणार होता आणि गिरणीसाठी तळमजल्यावर एक गाळा. फ्लॅटला खिडक्या किती, हेसुद्धा तिने विचारलं नव्हतं.

निरंजनच्या मनाला हे लागलं होतं. कारण काकीला तो गाळा नकाशावर बोट ठेवून त्यानेच दाखवला होता.

एक्कावन्न वर्षांचा निरंजन एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात नगररचना शिकवत असे. "इमारतीची उंची आकाश बघतं, तळमजला माणूस बघतो," हे वाक्य तो दर वर्षी पहिल्या तासाला म्हणायचा, आणि दर वर्षी मागच्या बाकावर कुणीतरी जांभई द्यायचं. दार-खिडकी नसलेल्या आंधळ्या भिंतींमुळे रस्ते कसे मरतात यावर त्याने एक लेखमाला लिहिली होती; ती घरात कुणी वाचली नसली तरी तिची कात्रणं आप्पांनी सातबाऱ्याच्या फायलीत जपून ठेवली होती. त्यामुळे बिल्डरचा नकाशा आला तेव्हा तो वाचायचं काम आपोआप त्याच्याकडे आलं. घराने आपल्याला आयुष्यात प्रथमच काहीतरी विचारलं, या आनंदात दसऱ्याच्या दिवशी त्याने नकाशा खाटेवर पसरला आणि पाऊण तास बोलला.

"ही खालची बाजू म्हणजे आपला गावरस्ता. इथं पाच गाळे. बाहेर झाडं, बसायला बाक. एक नंबरचा कोपऱ्याचा गाळा रोहिदासचा. चार नंबर काकीचा. पाच नंबर माझा, तिथं मी नागरी वाचनकक्ष काढणार आहे. आणि वरची ही बाजू पाठीमागची. तिथं पार्किंग, कचऱ्याची खोली, ट्रान्सफॉर्मर. सगळी घाण मागं, सगळा जिवंतपणा पुढं."

"शिक्षण कारणी लागलं गड्या," आप्पा म्हणाले होते. रोहिदास त्या दिवशी काहीच बोलला नव्हता. रोहिदास गप्प बसतो तेव्हा त्याला सगळं समजलेलं असतं, हा घरातला तीस वर्षांचा अनुभव निरंजन त्या आनंदात विसरला.

काकी मात्र कागदाकडे बघून म्हणाली होती, "मला कागदावर समदं सारकंच दिसतं, निरू. भुईवर आकून दाव."

म्हणून आज रविवारी सकाळी साडेआठला सगळे गिरणीसमोरच्या अंगणात जमले होते. बिल्डरकडून निशिगंधा नावाची तरुण आर्किटेक्ट आली होती, शंभर फुटी टेप, खुंट्या आणि सुतळी घेऊन. निरंजनची बायको तनुजा पिंपळे सौदागरहून येताना नेहमीसारखा गव्हाचा डबा घेऊन आली होती. ती बँकेत नोकरी करायची, घरी विजेची छोटी चक्की घेणं तिला सहज परवडलं असतं. पण पीठ काकीच्याच गिरणीचं लागायचं. रोहिदास महाळुंग्याच्या दोन कंपन्यांना कँटीनचं जेवण पुरवायचा. रविवारीही त्याच्या कानाला फोन होता.

आणि आप्पा आतून पांढऱ्या फक्कीचं पोतं ओढत घेऊन आले.

दर माघात गावात कबड्डीचे सामने होत, आणि गेली बत्तीस वर्षं मैदान आखायचा मान आप्पांचा होता. दुसऱ्या कुणाच्या हातून रेघ वाकडी होते, असं त्यांचं म्हणणं होतं. निवडणुकीत दोनदा पडलेल्या माणसाला गावाने मनापासून दिलेलं एवढं एकच पद होतं.

"टेप धर बये," त्यांनी निशिगंधाला सांगितलं. "भिंत किती जाडीची?"

"नऊ इंच, काका."

"म्हंजे दुहेरी रेघ. व्हय."

तळाला भोकं पाडलेला डबा हलवत ते वाकून मागे मागे सरकू लागले. गावरस्त्याच्या कडेने पांढरी दुहेरी रेघ उमटत गेली. वीस फूट झाले, तीस झाले. निरंजन हाताची घडी घालून बघत होता. आपण जे तेवीस वर्षं फळ्यावर खडूने काढलं ते आज मातीवर उतरतंय, असं काहीतरी त्याच्या मनात येत होतं, आणि ते मोबाइलवर कुठे टाकावं याचाही विचार सुरू होता.

"निशिगंधा, पहिल्या गाळ्याचं शटर इथं येईल ना? आप्पा, जरा थांबा. इथं रेघ तोडा."

निशिगंधाने टॅबकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "सर, इथं शटर नाही."

"अहो, एक नंबरचा गाळा."

"गाळे पलीकडे आहेत, सर. नव्या साठ फुटी रस्त्याला. दर्शनी बाजू ती." तिने जागेच्या पार दुसऱ्या टोकाकडे हात केला, जिथे दोन वर्षांपूर्वी बाजरी होती आणि आता महापालिकेच्या रस्त्याची खडी पडली होती. "ही इमारतीची मागची बाजू."

आप्पांच्या डब्यातून थोडी फक्की आपल्या आपण गळली.

निरंजनने तिच्या हातातून टॅब घेतला. नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण होता. चांगला ठळक, काळा, गोलात बसवलेला. हा बाण न बघता नकाशा वाचणाऱ्या मुलांचे तो दोन मार्क कापायचा. गेल्याच सत्रात एका मुलीचे कापले होते आणि ती रडली होती. पण या घरात जन्मलेल्या कुणालाही 'पुढं' म्हटलं की गावरस्ताच दिसायचा. लग्नाचा मांडव त्याच रस्त्याला, पाहुणे त्याच रस्त्याने, भांडणंही त्याच रस्त्यावर. कागदाची खालची बाजू म्हणजे आपला रस्ता, हे त्याने बघितलं नव्हतं. तो ते धरून चालला होता.

"म्हंजे सर," आप्पांनी त्याला प्रथमच सर म्हटलं, "आमी दसऱ्याला कशावर सह्या केल्या?"

"आखा तुम्ही," निरंजन म्हणाला. "पुढं आखा."

आप्पांनी आखलं. एकशे चाळीस फूट, एकही खंड नाही. भिंतीच्या आत पार्किंग, एका टोकाला कचऱ्याची खोली. आणि बरोब्बर मधोमध, काकीच्या गिरणीच्या उंबऱ्याला लागून, बारा बाय पंधराचा चौकोन.

"ह्यो काय?" काकीने विचारलं.

"ट्रान्सफॉर्मर, आजी," निशिगंधा हळूच म्हणाली.

काकीने पदर खोचला, गिरणीतून तनुजाचा गव्हाचा डबा उचलून कमरेवर घेतला आणि भिंतीच्या एका टोकाला जाऊन उभी राहिली. बहात्तर वर्षांची बाई दहा किलोचा डबा घेऊन चालायला लागली, तसा निरंजन पुढे झाला. तिने त्याला हाताने बाजूला सारलं. ती रेघेला धरून चालत राहिली. कचऱ्याच्या खोलीवरून गेली, पार्किंगवरून गेली, ट्रान्सफॉर्मरपाशी थांबून बघितलं, पुन्हा चालली. दुसऱ्या टोकाला पोचल्यावर तिने डबा खाली ठेवला.

"मी मंजुळा हाय असं समज," ती म्हणाली. मंजुळाबाई म्हणजे समोरच्या आळीतली, काकीची रोजची गिऱ्हाईक. "दळण घेऊन आले. आता आत कुटनं जाऊ?"

निशिगंधाने अंदाज घेतला. "इथून वळसा घालून नव्या रस्त्याला जायचं, मग मेन गेट, तिथं नाव नोंदवायचं... साधारण पाचशे मीटर."

"डबा घेऊन?"

"हो."

"आन् माघारी बी?"

निशिगंधाने मान डोलावली. तीही कुठल्या तरी गावाहूनच आलेली असावी.

"दादाला ओरडू नका," रोहिदास फोन खिशात टाकत म्हणाला. "अरे, जगाला फ्रंट तिकडं पाहिजे. नवा रस्ता झाला की सगळी गर्दी तिकडून. माझा कोपऱ्याचा गाळा आत्ताच दोघांनी मागितलाय."

निरंजन त्याच्याकडे वळला. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"व्हय."

"दसऱ्याला?"

"दसऱ्याच्या आधीपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू पाऊण तास बोलत होतास, दादा. मधे जागा कुठं होती?"

तनुजा हसली. निरंजनने तिच्याकडे बघितलं तेव्हा तिने हसू आवरलं नाही, फक्त त्याची दिशा बदलली. "मला विचाराल तर भिंत चांगलीच आहे," ती म्हणाली. "काकीचं दार कुठंतरी बसवा, पण इकडून मोकळं ठेवलं तर कोण येईल, कोण जाईल, काही सिक्युरिटी?"

"तनुजा, अगं, रस्त्यावर डोळे असले की तीच सुरक्षितता असते," निरंजन म्हणाला. हे त्याच्या तिसऱ्या तासातलं वाक्य होतं. "आंधळी भिंत माणसांना तोडते. शहराने..."

"निरंजन, आपल्या सोसायटीचं मागचं गेट कुणी बंद केलं?"

भावकीच्या इतिहासात अनेक बैठका मोडल्या होत्या. पण इतक्या थोड्या शब्दांत नव्हत्या.

"ते वेगळं होतं," निरंजन म्हणाला.

"काय झालं हुतं?" काकीने विचारलं. तिला खरोखरच ऐकायचं होतं. गिरणीवर बसून चाळीस वर्षं तिने हेच केलं होतं.

"सौदागरला आमच्या मागच्या गेटमधून भाजीच्या गल्लीत जाता यायचं, काकी," तनुजा सांगू लागली. "हे सेक्रेटरी झाले. बाहेरची माणसं आतून ये-जा करतात म्हणून ठराव मांडला. भिंतही तीन फूट वाढवली. ठराव इतका सुंदर लिहिला होता, की विरोध करणाऱ्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. आता भाजी आणायला सगळी सोसायटी पंधरा मिनिटं चालते. सगळ्यात जास्त कुरकुर हे करतात."

काकीने निरंजनकडे बघितलं. रागाने नाही, पोरगं पडून गुडघा फोडून आल्यावर बघावं तसं. "मंग तू कालेजात काय शिकवतोस रं?"

निरंजनला दोन-तीन उत्तरं सुचली. त्यातलं एकही मराठीत बसेना. "जे करायला पाहिजे ते शिकवतो, काकी," तो शेवटी म्हणाला.

"बरं. मंग आता कर."

तो ट्रान्सफॉर्मरच्या चौकोनात उभा होता. त्याच्या लक्षात आलं, की सगळ्यांसमोर म्हणायचं वाक्य अजून कुणीच म्हटलेलं नाही, आणि ते दुसरं कुणी म्हणू शकणारही नाही.

"नकाशा मी उलटा वाचला," तो म्हणाला. "माझ्यावर विसंबून तुम्ही सह्या केल्या. चूक माझी आहे. काकीची गिरणी गावरस्त्यालाच पाहिजे. नकाशा बदलायला हवा."

"बिल्डर मानंल का?" आप्पांनी विचारलं. त्यांचा जीव वेगळ्याच गोष्टीत होता. नव्या रस्त्याच्या गेटवर त्यांच्या वडिलांच्या नावाची कमान ठरली होती. नकाशा उघडला की कमान उडेल, ही धास्ती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"अजून एक सही बाकी आहे तोवर मानतील," निशिगंधा म्हणाली आणि आपण कुणाची नोकरी करतो हे आठवून खोकली. "म्हणजे, कमानीला धक्का नाही लागणार, काका. गिरणी इथं आणता येईल. मशिनखाली रबराचे पॅड टाकले तर आवाजाचंही बघता येईल. प्रश्न ट्रान्सफॉर्मरचा आहे. या बाजूला बाकी सगळं पार्किंग आहे, ते नियमानं कमी करता येत नाही. तो इथून हलला तर नव्या रस्त्यालाच न्यावा लागेल, कारण वीज कंपनीची मोठी गाडी त्याच्यापर्यंत थेट पोचली पाहिजे. तिकडं काकींचा चार नंबरचा गाळा रिकामा होतो. पण तो एकटा पुरणार नाही. शेजारचा एक लागेल."

"तीन नंबर बिल्डरचा हाय," आप्पा म्हणाले.

"आणि दोन नंबरही," निशिगंधा म्हणाली.

"माझा कोपऱ्याला," रोहिदास घाईने म्हणाला. "तो चारला चिकटतच नाही."

सगळे निरंजनकडे बघू लागले. काकी नव्हती बघत. ती डब्यावरची धूळ पदराने पुसत होती, आणि तेच त्याला जास्त जड गेलं.

पाच नंबर. नागरी वाचनकक्ष. त्याच्या उद्घाटनाचं भाषण त्याने उन्हाळ्याच्या सुटीतच लिहून ठेवलं होतं. खिडकीत बसून रस्ता बघत निवृत्तीनंतरची वर्षं कशी जातील, हेही ठरलं होतं. त्या खिडकीतून दिसणारा रस्ता मनातल्या मनात अर्थातच गावरस्ता होता. म्हणजे जी जागा द्यायची होती ती मुळात त्याने कल्पिलेल्या ठिकाणी कधी नव्हतीच. या विचाराने थोडं हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटलं नाही.

"द्या टाकून तिथं," तो म्हणाला.

"काय?" आप्पांनी विचारलं. त्यांना ऐकू आलं होतं.

"ट्रान्सफॉर्मर. माझ्या गाळ्यात."

"दादा, पुन्हा विचार कर," रोहिदास म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच काळजी होती. आपला गाळा वाचल्यावर माणसाला दुसऱ्याच्या गाळ्याची काळजी करता येते. "बाहेर पाटी तरी लाव. प्राध्यापक निरंजन यांच्या सौजन्याने."

"धोका, अकरा हजार व्होल्ट," तनुजा म्हणाली. "खाली तुझा फोटो." पण बोलता बोलता ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली होती, आणि तिने त्याच्या बाहीवरची फक्की झटकली.

काकीने कोपऱ्यातला खराटा उचलला. गिरणीच्या उंबऱ्यासमोर येऊन तिने आप्पांना विचारलं, "शटराला आठ फूट लागत्यात न्हवं? आठ फूट म्हंजे किती रं?"

आप्पांनी पावलं टाकून दाखवलं. काकीने दोनच फटकाऱ्यांत तेवढी भिंत झाडून टाकली. मग ट्रान्सफॉर्मरही झाडला.

"एवडं उघडं ठेवा," ती म्हणाली. "बाकीची भित बांदा तुमाला पायजे तशी. तनुजाला भ्या वाटत आसंल तर मी बसतेच हितं दिसभर."

पूर्ण मोकळ्या दर्शनी बाजूसाठी तेवीस वर्षं लढलेल्या निरंजनला एकशे चाळीसपैकी आठ फूट मिळाले होते. त्याने तोंड उघडलं. तनुजाने त्याचा दंड दाबला. त्याने तोंड मिटलं.

निशिगंधाने दोन्ही टोकांकडून फोटो घेतले. टेपने आठ फूट पुन्हा मोजले. ते सव्वाआठ भरले. "असू द्या," ती म्हणाली आणि तसेच लिहून घेतले.

"कागूद बदलून आना, मंग सही," काकी म्हणाली. "तवर ही फक्की कुनी पुसायची न्हाई. न्हाईतर परत कुनी बान बगायचा ऱ्हायला, तर मी काय बगू?"

सगळे हसले. निरंजनही हसला, थोडा उशिरा.

गहू त्या गडबडीत दळायचे राहिलेच. म्हणून सोमवारी कॉलेजच्या आधी पीठ न्यायला निरंजन चऱ्होलीत आला तेव्हा पावणेआठ झाले होते. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला लावली. गिरणी सुरू होती. पट्ट्याचा फटफट आवाज येत होता आणि शेडच्या दारातून पिठाची वाफ बाहेर पडत होती. पहिला तास सव्वानऊला होता. नेमका त्याचाच विषय: दर्शनी बाजू. तो घाईघाईने अंगण ओलांडायला निघाला.

"आवं सर!"

मंजुळाबाई होत्या. कमरेला डबा लावून त्या रस्त्यावर उभ्या होत्या. त्यांच्यापुढे तीन बायका, त्यातली एक लातूरकडची नवी भाडेकरीण. चौघीही आप्पांच्या रेघेबाहेर, त्या सव्वाआठ फुटांच्या तोंडाशी ओळीने थांबल्या होत्या. सगळं अंगण मोकळं पडलं होतं. पोरसुद्धा उडी मारून जाईल अशी ती पांढरी पूड. पण कुणीही ती ओलांडली नव्हती. एकीचं दळण झालं की ती त्या मोकळ्या जागेतून बाहेर यायची, मग पुढची आत जायची.

"भितीतनं काय चाललाव?" मंजुळाबाई म्हणाल्या. "दार हिकडं हाय."

निरंजनने खाली बघितलं. त्याचा एक बूट पार्किंगमध्ये होता आणि दुसरा रस्त्यावर. मधल्या भिंतीला त्याच्या टाचेने चांगलं हातभर भगदाड पडलं होतं.

"सॉरी," तो म्हणाला, आणि मागे फिरून मंजुळाबाईंच्या पाठीमागे रांगेत जाऊन उभा राहिला.

आतून आप्पा फक्कीचा डबा घेऊन आले. ते भगदाडापाशी वाकले, एक डोळा मिटून रेघेचा अंदाज घेतला आणि भिंत पुन्हा सरळ करून ठेवली.